एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे

मंग्या, तुझ्या तेरवीले एवढे लोक आले की मले तुझा रागच आला. बेसाच्या त्या गल्लीत मांडव पुरला नाही. पोट्टे गाड्या आडव्या लावून रस्त्यावर उभे होते, अन् मी पंगतीत बसून विचार करून राहिलो होतो की आपल्या वेळेले यातले किती येतील. एक पंगत धड भरणार नाही, असा माझा अंदाज आहे.

बाजूले बसलेला एक जण मोठ्या हौसेनं आपल्या ‘भिडंत’च्या गोष्टी सांगून राहिला होता. मोबाईलवरच्या गेमच्या मॅचेस दाखवणारं नागपूरचं चॅनल, त्यात मंगेशभाऊ कॉमेंट्री करत, अन् पुढे काय होणार ते आधीच सांगत. त्यायले आधीच दिसे भाऊ, असं तो दोनदा म्हणाला. मग त्यानं मले विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मीही भिडंतमधेच होतो. तुम्ही काय करत होते? मी म्हटलं, बटनं दाबत होतो. ‘अच्छा’ म्हणून तो कढी मागायले तिकडे वळला.

तर तू गेला तरी माझी जळजळ काही गेली नाही. मेलेल्या माणसावर जळणारा मी एकटाच असन अख्ख्या नागपुरात. पण लिहायले बसलो ते त्यासाठी नाही. फायनलच्या दिवशी मी तुझ्या पायावर चुकीचा ठोका दिला. गडबडीत चुकला, असं मी तुले त्याच दिवशी सांगितलं, अन् तू ‘होते गा’ म्हणून सोडून दिलं. मंग्या, तो चुकला नव्हता. मी मुद्दाम दिला होता. हे तुले समजलं होतं का नव्हतं, एवढंच मले सात वर्षांपासून पाहिजे आहे. विचारायची हिंमत झाली नाही, अन् आता सांगणारा राहिला नाही.

दवाखान्यात आलो होतो मी. ठरवून आलो होतो की आज सांगून टाकतो. तुझ्या तोंडावर ते ऑक्सिजनचं लावलेलं, डोळे मिटलेले, अन् चादरीतून दोन्ही पाय बाहेर आलेले. मी पायथ्याशी उभा होतो. हात लावावा का नाही, एवढ्यातच सिस्टर आली अन् म्हणाली, टाईम झाला. मी तुझे पाय झाकले, ‘बरा होशीन बे’ म्हटलं, अन् खाली येऊन गाडीले किक मारली. बरा होशीन! काय तोंड घेऊन म्हटलं मी ते.

पहिला माईक माझा होता, हे आता कोणाले आठवत नाही. हुडकेश्वरपासून मनीषनगरपर्यंत ज्याची केबल घरोघरी गेली होती त्या वासुभाऊनं एका नंबरावर भजनं लावली होती, एकावर जुने पिक्चर, अन् तिसरा नंबर रिकामा पडला होता. सारे मायबाप आपापल्या पोट्ट्यायले मोबाईलवरून शिव्या देऊन राहिले, तर मी त्या पोट्ट्यायलेच टीव्हीत बसवतो, अशी त्याची आयडिया. त्याचे कॉम्प्युटर मीच दुरुस्त करे, अन् त्या गेममधे आपल्या भागात मले कोणी मारू शकत नव्हतं, म्हणून त्यानं मले बोलावलं. प्लायवूडच्या दुकानावरची खोली, भिंतीले गाद्यांचा फोम ठोकलेला, अन् मे महिन्यात कूलर बंद, कारण कूलरचा आवाज माईकमधे जाते. मी तीन दिवस बोललो. शुद्ध बोललो. ‘प्रेक्षकहो, आता हा खेळाडू अत्यंत सावधपणे अग्रेसर होत आहे.’ वासुभाऊनं विचारलं, कोणाच्या निधनाची बातमी सांगून राहिला का बे?

चौथ्या दिवशी त्यानं तुले आणलं. उमरेडच्या कोष्ट्याचा पोट्टा, कबड्डीच्या मॅचले बोलायचा अन् लग्नाच्या हॉलमधे वरपक्षाले जेवायले बोलवायचा. ती गेम तू हातात धरली नव्हती. बंदूक कोणत्या बोटानं चालते तेही मीच तुले सांगितलं. अन् तू माईक हातात घेतल्या घेतल्या काय म्हणाला? ‘हा गडी झाडाआड काहून बसला गा? लग्नात आला अन् पंगत उठायची वाट पाहून राहिला का?’ फोनची रिंग थांबेना. वासुभाऊ पोट धरून हासला. मी त्या दिवशी माईकची वायर गुंडाळून तुझ्याकडे सरकवली. तू ‘थँक्यू भाऊ’ म्हणाला, अन् तो थँक्यू मले अजूनही टोचते.

तुले सारं माहीत आहे, पण ज्यायनं भिडंत पाहिलं नाही त्यायच्यासाठी सांगतो. ओसाड गावात सारे खेळाडू एकमेकायले शोधत फिरतात अन् शेवटी जो उरला तो जिंकला, अशी ती गेम. सारे एकाच वेळी खेळतात, पण टीव्हीवर एका वेळी एकाचंच दाखवता येते. कोणाचं दाखवायचं ते मी ठरवत होतो. माझ्यासमोर दोन पडदे. एकावर लोकायले दिसते ते, अन् दुसऱ्यावर अख्खं गाव, कोण कोणत्या भिंतीआड लपला ते. तुझ्यासमोर मात्र लोकायसारखा एकच. म्हणून सुरुवातीले तू गंमत करे, पण गोळी लागल्यावर बोले. एकदा माझ्यानं राहवलं नाही अन् मी ‘उजवीकडे पाह्य ना बे भैताडा’ असं ओरडलो, ते टीव्हीवर गेलं. घरी आईनं ऐकलं होतं. तिनं मले जेवण वाढलं, पण बोलली नाही.

पायाची युक्ती तुझी, हे मी मान्य करतो. तुझा बाप खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे. हात धोट्यात गुंतलेले, माग खडखडे, हाक मारली तर ऐकू जात नव्हती. म्हणून तुझी आई चहा झाला की जमिनीवर टाचेनं एक ठोका देई, अन् दाराशी कोणी आलं की दोन. मान वर न करता तुझ्या बापाले समजे. तू म्हणाला, आपले हात गुंतले, तोंड गुंतलं, पाय तर रिकामेच आहेत ना गा. ठरलं. टेबलाखाली मी माझ्या पायानं तुझ्या पायावर ठोका द्यायचा. एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे, अन् पाय दाबून धरला की चूप राहायचं. गरमीनं आपण दोघंही अनवाणीच बसत होतो. टेबलाले पुढून फळी होती, कोणाले काही दिसत नव्हतं.

अन् मग तुले ‘दिसायले’ लागलं. मी ठोका दिला की तू म्हणे, ‘थांबा, मले वाटते हा उजवीकडून येईन,’ अन् तो उजवीकडूनच येई. पोट्टे पागल झाले. ज्यायले गेममधलं ओ की ठो समजत नव्हतं त्या बायाही दुपारी चारले आपली सिरियल सोडून भिडंत लावत. मनीषनगरच्या फाटकाजवळ आपण पोहे खायले थांबलो तर तर्रीवाला तुझ्याकडून पैसे घेईना. एक बाई तर तिच्या पोरीची पत्रिका घेऊन आली, आठवते? मंगेशभाऊ, हिचं कधी जमन? तू तिले हात जोडले अन् म्हणाला, माय, मले फक्त मोबाईलमधलं दिसते. ती हासली, तू हासला, अन् मी बाजूले प्लेट धरून उभा. तिनं माझ्या हातात आपली पिशवी दिली होती धरायले.

माझी आई. तिले मी कधी माफ केलं नाही यासाठी, अन् तुलेही. ती रोज चार वाजता टीव्हीसमोर बसे. मी घरी आलो की म्हणे, मंगेश किती गोड बोलते. मग विचारे, ‘अन् तू काय करतो रे बाप्पा तिथं?’ मी एकदा तिले सारं सांगितलं, ठोका, डावं-उजवं, सारं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, असू दे, कोणाचं चांगलं पाहून असं बोलू नये. माझ्या आईले वाटलं मी जळून खोटं बोलून राहिलो! जळून तर राहिलोच होतो, पण खोटं नव्हतं ना ते.

म्हणूनच तुझ्यामागे लागलो होतो, की एकदा टीव्हीवर सांग. जास्त नाही, एवढंच, की ‘मले दिनेश सांगते.’ प्रत्येक वेळेले तू तेच म्हणे, ‘सांगितलं तर मजा जाईन गा. लोकायले माहीत झालं की जादू संपली.’ जादू तुझी का माझी, हे भांडण आपण किती वेळा केलं असन. पाय तुझा नव्हता, मंग्या. मी म्हणे, ठोका देणं बंद करतो. तू म्हणे, कर. अन् दुसऱ्या दिवशी चारले मी वापस ठोका देऊन राहिलेलो. कारण काय माहीत? तू माझा ठोका घेऊन जे वाक्य बोले ना, ते ऐकायले मलेही मजा येई. हे मी तुले कधी म्हटलं नाही. आता म्हणतो.

फायनल मनीषनगरच्या हॉलमधे. पहिल्यांदाच लोक समोर, स्टेजवर पोट्टे कानाले हेडफोन लावून खेळून राहिलेले, मागे मोठा पडदा. पहिल्या रांगेत मुंबईच्या एका मोठ्या खेळाच्या चॅनलचे दोन माणसं. ते गेम पाहायले आले नव्हते, ज्याले आधी दिसते त्याले पाहायले आले होते. सकाळी वायरी जोडता जोडता तू मले सांगितलं की तिकडून बोलावणं आलं, आज पाहून पक्कं करतात. तुझे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, अन् मी? तू वायरचं टोक शोधत म्हणाला, ‘तिकडे त्यायचे बटनवाले असतीन ना गा.’

बटनवाला. वासुभाऊ म्हणे मले तसं, पोट्टे म्हणत, अन् माझं लक्ष नव्हतं तिकडे. तू कधी म्हटलं नव्हतं. तुले काही वाटलंही नसन म्हणताना, हेच जास्त लागलं. मी टेबलाची फळी नीट केली, तू हेडफोन चढवले, अन् मी चप्पल काढून बसलो.

शेवटी दोघं उरले. एक उमरेडचा पोट्टा, तुझ्या गावचा, गोदामाच्या भिंतीले चिकटून बसलेला; मोठ्या पडद्यावर मी त्याचंच दाखवून राहिलो होतो. दुसरा हुडकेश्वरचा, त्याले शोधून राहिलेला. हॉलमधे सारे चूप. माझ्या दुसऱ्या पडद्यावर स्वच्छ दिसून राहिलं होतं, हुडकेश्वरवाला उजवीकडून येऊन राहिला. मले दोन ठोके द्यायचे होते. मी एक दिला. तू थांबला. थांबला म्हणजे अगदी उलशीक, एका श्वासापुरता. मग उभा राहून, हात वर करून, साऱ्या हॉलले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाला, ‘डावीकडून! लिहून घ्या भाऊ, डावीकडून येऊन राहिला!’ अन् उजवीकडून गोळी आली.

मग मागून एक जण हासला, मग सारा हॉल. मुंबईवाले चहा घेऊन निघून गेले, तुले भेटलेही नाहीत. वासुभाऊनं विचारलं, काय झालं बे? तू माझ्याकडे न पाहता म्हणाला, माझी जीभ घसरली. मी तुले जिन्यात गाठून म्हटलं, सॉरी बे, गडबडीत पाय चुकला. अन् तू ते ‘होते गा’ म्हणाला. खांद्यावर हातही ठेवला. मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो, हे तुले सांगतो, कारण मले याचीच जास्त लाज वाटते.

लोक म्हणतात तुझ्या त्या एका चुकीनं भिडंत बुडलं. कायचं काय. पोट्टे सारं मोबाईलवरच फुकटात पाहायले लागले, लोकायनं घरची केबल काढून टाकली, अन् एक दिवस ती गेमच बंद झाली. ज्या गावात सारे लपत होते ते गावच राहिलं नाही, तर आपण कोणाले दाखवणार होतो? वासुभाऊनं तो नंबर राशीचे खडे विकणाऱ्यायले दिला. भिंतीचा फोम निघाला, प्लायवूडवाल्यानं खोलीचं गोदाम केलं. पण तुझं मुंबईचं गेलं ते चॅनलमुळे नाही, माझ्यामुळे.

फायनलनंतर आपण आणखी चार महिने एका टेबलावर बसलो. तू काहीच आधी सांगत नव्हता, गोळी लागल्यावर बोलत होता. अन् एक गोष्ट. तू पाय खाली सोडत नव्हता. खुर्चीवर मांडी घालून बसे. मी स्वतःले समजावलं की फरशी तापते म्हणून. पुढे मी सीसीटीव्ही लावायचा धंदा काढला, अजूनही पडदेच पाहतो, तर तू दुकानात चहाले येई तेव्हाही मांडी घालूनच बसे. एसी होता ना बे दुकानात. फरशी कुठून तापन?

तू वापस लग्नात बोलायले लागला होता. वरपक्षाले जेवायले बोलावलं की मागून एखादा पोट्टा ओरडे, डावीकडे का उजवीकडे, भाऊ? तू म्हणे, जिकडे बुंदी दिसन तिकडे. सारे हासत. माझ्या पुतण्याच्या लग्नात हे झालं तेव्हा मी हात धुवायच्या बहाण्यानं बाहेर गेलो होतो.

आता तेरवीचं ऐक. पंगत उठल्यावर वहिनीनं मले आत बोलावलं अन् एक हार्ड डिस्क हातात दिली. म्हणाली, ‘दिनेशभाऊ, पोरगी तेव्हा लहान होती. तिले बाबाचा टीव्हीवरचा आवाज ऐकायचा आहे. तुम्ही एक चांगला तुकडा काढून द्या, तुमच्याइतकं कोणाले समजन?’ माझ्याइतकं कोणाले समजन. मी हो म्हटलं अन् घाम पुसला.

काल दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली केलं अन् हेडफोन लावून बसलो. दोन-तीन जुने तुकडे पाहिले, हासलो, जळलो, नेहमीचंच. मग एका फाईलवर नुसतं ‘फायनल’ लिहिलेलं दिसलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. ठरवलं, आज पाहतोच.

मंग्या, त्यात पावलं ऐकू येतात.

मले काय माहीत होतं? माझ्या कानातल्या हेडफोनमधे सारा वेळ वासुभाऊ ओरडे, ही जाहिरात लाव, ती लाव. गेमचा आवाज मी कॉमेंट्रीत कधी ऐकलाच नाही. तो तुझ्या हेडफोनमधे जाई. अन् हॉलच्या भोंग्यातून सारं एकाच बाजूनं येऊन राहिलं होतं, तिथं कोणाले डावं-उजवं समजत नव्हतं. पण हेडफोनमधे स्वच्छ येते. गिट्टीवरून एक माणूस चालून राहिला. उजव्या कानात. जवळ, अजून जवळ. मग तू थांबला, तुझा श्वास घेतलेला ऐकू येते, अन् मग ‘डावीकडून!’ मी ते पाच वेळा लावलं. पाचही वेळा पावलं उजव्याच कानात.

तुले ऐकू येऊन राहिलं होतं. उजव्या कानात खुद्द तो चालत होता, अन् पायावर माझा एक ठोका. मुंबईवाले समोर. अन् तू कानाले खोटं पाडून माझ्या पायाचं ऐकलं.

मी सात वर्षं विचार केला की तुले माझी चालाखी समजली होती का. तो प्रश्नच नव्हता. त्या क्षणी तुले संशयच आला नाही. चालाखी समजली ती नंतर, म्हणून पाय वर घेतले. अन् तरी चहाले येत राहिला, अन् एकदाही विचारलं नाही, काहून केलं बे. मी म्हणत होतो ना, जादू तुझी का माझी? लेका, मले तर वाटे तुले आवाजाचीच देणगी आहे. कोणावर असा भरोसा ठेवायची देणगी कोणाले असते? मले नाही. मी माझ्या सख्ख्या भावाचा ठोकाही दोनदा पाहून घेतला असता. आता यावरही जळतो मी, अन् हे जळणं काही माझ्या जन्मात संपायचं नाही.

पोरीसाठी मी फायनलचाच तुकडा काढला. आधीचं, मधलं, सारं, हॉल हासला तेही. सोबत एक चिठ्ठी लिहिली, की बाबा चुकले नव्हते, दिनेशकाकानं खोटं सांगितलं होतं, अन् बाबानं काकाचं ऐकलं. उद्या नेऊन देतो. वहिनी मले पुन्हा घरात घेईन का नाही, माहीत नाही.

हे लिहायच्या आधी एकदा अजून लावलं. चप्पल काढली. गोदामाची भिंत आली, तुझ्या गावचा पोट्टा चिकटून बसलेला, सारे चूप. पावलं सुरू झाली. मी टेबलाखाली पाय सरकवला, जिथं तुझा असे तिथं, अन् थंड फरशीवर नीट, सावकाश, दोन ठोके दिले.